एच-इंडेक्स ८ म्हणजे नेमकं किती?

विद्यानगरीत, म्हणजे विद्यापीठाच्या आवारात, थिन फिल्मवाल्याची (पदार्थांचे पातळ थर बनवणाऱ्याची) प्रमोशनची फाईल आणि भ्रूणावर काम करणाऱ्या प्राणिशास्त्रज्ञाची फाईल एकाच टेबलावर आली, की निकाल पानं उलटायच्या आधीच लागतो. एकाचा एच-इंडेक्स चाळिशीच्या घरात, दुसऱ्याचा आठ. आकडे शेजारी ठेवले की वजाबाकी सगळ्यांनाच येते. एच-इंडेक्स आठ म्हणजे किमान आठ सायटेशन्स (दुसऱ्या पेपरांत आलेले उल्लेख) मिळालेले आठ पेपर. इथं त्या आठाचीच चिरफाड करायची आहे. तो येतो कशातून, फसतो कुठं, आणि डेव्हलपमेंटल बायोलॉजीच्या, म्हणजे भ्रूणाच्या वाढीच्या शास्त्रातल्या, माणसाचं काम मोजायला बसलात तर आधी काय साफ करावं लागतं.

हातात एक नमुना घेऊ. खऱ्या कुणाचा नाही, हिशेबासाठी बनवलेला. चौदा पेपर, त्यांची सायटेशन्स उतरत्या क्रमानं: ६४, ४१, ३३, २०, १८, १२, ९, ८, ८, ६, ५, ३, २, ०. बेरीज २२९. वरून मोजत यायचं आणि पेपरचा क्रमांक सायटेशनपेक्षा मोठा झाला की थांबायचं. आठव्या पेपरला ८, म्हणजे चाललं. नवव्यालाही ८च, म्हणजे एक कमी पडलं. एच आठ. दहा किंवा जास्त सायटेशन्सचे पेपर सहा, म्हणून गुगल स्कॉलरवरचा आय-टेन इंडेक्स ६.

आता या यादीतला सगळ्यात चांगला, ६४चा पेपर काढून टाका. उरलेल्या तेरांत आठवा पेपर अजून ८चाच आहे. एच परत आठ! माणसाच्या कामाचा मुकुटमणी गेला तरी इंडेक्सला पत्ता नाही. उलट करून बघा: पेपर सगळे ठेवा आणि फक्त त्या दोन ८च्या पेपरांना एकेक सायटेशन जास्त द्या. एच नऊ. ती दोन सायटेशन्स स्वतःच्याच पुढच्या पेपरात स्वतःच टाकता येतात, एका संध्याकाळचं काम. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली हा इंडेक्स मांडला, तेव्हाच विषयाविषयांत आकडे वेगळे पडतात हे लिहून ठेवलं होतं. ते वाक्य प्रमोशनच्या टेबलापर्यंत आलेलं नाही.

मोजणीआधी नावाची भानगड मिटवायची. कोल्हापुरात एसटीत ‘पाटील’ अशी हाक मारली तर निम्मी गाडी वळून बघते, आणि डेटाबेसचंही तेच होतं. त्यात आपल्याकडं विद्यापीठाच्या कागदावर आडनाव आधी लिहायची रीत. समजा नाव आहे पाटील सुनीता रामचंद्र. ते तसंच्या तसं जर्नलच्या फॉर्मवर भरलं, की शेवटचा शब्द आडनाव धरला जातो आणि बाई ‘रामचंद्र पी. एस.’ होऊन छापल्या जातात. पुढच्या पेपरात कुणीतरी नीट लिहितं, तिथं त्या ‘पाटील एस. आर.’ लग्नानंतर नाव बदललं तर तिसरी व्यक्ती तयार.

याचा फटका किती बसतो ते वरच्याच यादीवर बघा. चौदा पेपर दोन प्रोफाईलांत वाटले गेले असं धरा. एकीत ६४, ३३, १८, ९, ८, ५, २. दुसरीत ४१, २०, १२, ८, ६, ३, ०. पहिलीचा एच पाच, दुसरीचाही पाच. एकत्र केल्यावर आठ. एच-इंडेक्सची बेरीज होत नाही, त्यामुळं ‘दोन प्रोफाईल आहेत, मग पाच आणि पाच दहा’ हा हिशेबही चूक, आणि सापडली ती एकच प्रोफाईल फाईलला लावणं ही त्याहून मोठी चूक.

उलटा घोळही होतो. गुगल स्कॉलर दुसऱ्याच एस. आर. पाटलांचा सुपरकपॅसिटरवरचा १२० सायटेशन्सचा पेपर गुपचूप यादीत आणून टाकतं. बेरीज २२९वरून ३४९ होते, म्हणजे निम्म्याहून जास्त फुगते. पण एच आठच राहतो, त्यामुळं एच बघून चोर सापडत नाही. यादी शीर्षकाशीर्षकानं वाचायला लागते. बेडकाच्या भ्रूणांवरच्या शीर्षकांत ‘स्प्रे पायरोलिसिस’ (थिन फिल्म बनवायची पद्धत) दिसलं की समजायचं.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा ऑर्किड, संशोधकाची कायमची ओळख: सोळा अंकी क्रमांक, चार-चारच्या गटात, शेवटी कधी अंकाऐवजी एक्स असतो. फुकट मिळतो, २०१२पासून सुरू आहे. त्यात नावाची सगळी रूपं ‘दुसरी नावं’ म्हणून भरायची, लग्नाआधीचं आणि ते उलटं पडलेलंही. पेपर डीओआयनं (प्रत्येक पेपरच्या कायमच्या डिजिटल क्रमांकानं) जोडायचे, शीर्षक टाइप करून नाही. मग स्कोपस, हा सायटेशन्सचा वर्गणीवाला डेटाबेस. वर्गणी नसली तरी लेखक शोधायची फुकट सोय आहे. प्रत्येक रूपानं शोधायचं, संस्थेच्या नावानंही शोधायचं, सापडलेल्या प्रोफाईलांवर टिक करून एकत्र करण्याची विनंती पाठवायची, आणि ऑर्किड जोडून टाकायचं. गुगल स्कॉलर शेवटी: सेटिंगमध्ये जाऊन ‘आपोआप यादी बदल’ बंद करायचं आणि ‘आधी ईमेलनं विचार’ चालू करायचं. हे एक बटण न दाबल्यामुळं निम्मे घोळ होतात.

स्कॉलरवर प्रीप्रिंट (छापण्याआधी नेटवर ठेवलेला मसुदा) आणि छापील पेपर या दोन वेगळ्या नोंदी राहतात, तेही बघा. बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या साईटवर टाकलेल्या कामाचं शीर्षक छापताना बदललं असेल तर हमखास. दोन्हींवर टिक करून मर्ज करायचं. नाहीतर ६ आणि ४ असे दोन अर्धवट पेपर दिसतात, दहाचा एक दिसत नाही.

एवढं करूनही स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या तिघांत तीन आकडे येणार. स्कॉलर थीसिस, प्रीप्रिंट, पुस्तकं, कॉन्फरन्सची पानं असं सगळं मोजतं, बाकी दोघं आपण निवडलेल्या यादीवर थांबतात. यात खोटं कुणी नाही. फक्त फाईलमध्ये एकाचा स्कॉलरचा आकडा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा असं शेजारी ठेवू नये, आणि आकड्याशेजारी तारीख टाकावी. स्वतःची सायटेशन्स वगळून आकडा स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स देतात, स्कॉलर देत नाही.

स्वतःच्या सायटेशनवरून लगेच नाक मुरडू नये, हे माझं मत. एखाद्या प्रयोगशाळेनं एका बेडकाच्या बेंबटाच्या (टॅडपोलच्या, शेपटीवाल्या पिल्लाच्या) तोंडाची वाढ पाच पेपरांत टप्प्याटप्प्यानं मांडली असेल, तर पाचव्यात पहिल्या चारांचा उल्लेख आलाच पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला पद्धत कुठं शोधायची कळणार नाही. शंका घ्यायची ती कोंबडीच्या भ्रूणावरच्या पेपरात स्वतःच्याच जलप्रदूषणाच्या सहा पेपरांची रांग दिसली तर.

आता वेळेचा प्रश्न, आणि खरी गोम इथंच आहे.

राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला बेडकावर काम करणाऱ्याला अंडी पावसाळ्यात मिळतात. वनखात्याची परवानगी पावसाआधी हातात नसेल तर वर्ष गेलं. जून-जुलैत अंडी आणायची, बेडकाच्या वाढीच्या गॉस्नरच्या कोष्टकाप्रमाणं टप्पे ठरवत जायचं: २५व्या टप्प्यापर्यंत भ्रूण, तिथून पुढं पोहणारं, खाणारं बेंबट, ४२ला पुढचे पाय बाहेर, ४६ला शेपूट संपलेला बेडूक. प्रत्येक टप्प्याचे नमुने फॉर्मॅलिनमध्ये. हिवाळ्यात पॅराफिनमध्ये बसवून ५ ते ७ मायक्रॉनचे काप, कूर्चेला अल्शियन ब्लू, हाडाला अलिझरिन रेड. जानेवारीत काप बघताना लक्षात येतं की ३१ ते ३४ हे टप्पे पुरेसे नाहीत. पाण्याचं तापमान वाढलं आणि बेंबटं रात्रीत पुढं सरकली, किंवा टाकीत गर्दी झाल्यामुळं निम्मी खुरटली. ते टप्पे पुन्हा मिळणार पुढच्या जूनमध्ये.

कागदावर मांडू. २०२२च्या पावसाळ्यात सुरुवात, २०२३च्या पावसाळ्यात राहिलेले टप्पे, २०२४ अखेर पेपर छापून आला. कुणी दुसऱ्यानं तो वाचून त्याच पद्धतीनं आपल्या बेडकावर काम करायचं ठरवलं तर त्याला २०२५चा पावसाळा लागणार, बहुतेक २०२६चाही. त्याचा पेपर २०२७ला. म्हणजे कामाच्या माणसाकडून आलेलं पहिलं सायटेशन तिसऱ्या वर्षी.

आणि नियतकालिकाचं वजन म्हणून मिरवला जाणारा इम्पॅक्ट फॅक्टर कसा काढतात? एखाद्या वर्षी, आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या पेपरांना मिळालेली सायटेशन्स, भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे पेपर. २०२४चा पेपर फक्त २०२५ आणि २०२६च्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये मोजला जातो. २०२७चं ते सायटेशन खिडकीबाहेर. थिन फिल्मवाला शुक्रवारी पेपर वाचून सोमवारी द्रावणातलं प्रमाण बदलून नवी फिल्म काढू शकतो. बेडूक त्याच्या सोयीनं अंडी घालत नाही. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली ती संशोधकाला संदर्भ शोधता यावेत म्हणून. इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा असतो, माणसाचा नव्हे, हे २०१२च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी जाहीरनाम्यात लिहून दिलं. त्याला डोरा म्हणतात. जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये ‘साइटेड हाफ-लाइफ’ असा रकाना असतो: त्या नियतकालिकाला मिळणारी निम्मी सायटेशन्स किती जुन्या पेपरांना जातात. डेव्हलपमेंटल बायोलॉजीच्या माणसाचं मूल्यमापन करताना हा रकाना इम्पॅक्ट फॅक्टरच्या आधी बघावा.

सगळीच भ्रूणं संथ नाहीत. २५ अंशांवर फळमाशी साधारण दहा दिवसांत पिढी पुरी करते. झेब्राफिशचं भ्रूण २८.५ अंशांवर चोवीस तासांत डोळे, शेपूट, मणक्यांचे खंड दाखवायला लागतं. कोंबडीची अंडी बारमाही, पण तीही फलित हवीत. किराणा दुकानातल्या ट्रेमधली अंडी ३८ अंशांवर कितीही दिवस ठेवा, आत काही होत नाही. आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात हॅचरीतून मोटारसायकलवर आणलेलं अंडं इन्क्युबेटरमध्ये जाण्याआधीच वाढायला लागलेलं असतं. तीस तासांचं म्हणून फोडावं तर आत भलताच टप्पा. म्हणूनच कोंबडीचं वय तासांत सांगून भागत नाही. सोमाइट (भ्रूणाच्या पाठीशी जोडीनं येणारे खंड) मोजायचे: दहा जोड्या म्हणजे टप्पा १०, एरवी ३३ ते ३८ तासांत येणारा.

हे टप्पे व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ साली बसवून दिले, एकूण ४६. त्या पेपरात कुठला शोध नाही, सिद्धान्त नाही. चित्रं आणि वर्णनं. पण कोंबडीच्या भ्रूणावर काम करणारा जगातला प्रत्येक माणूस त्याच्याकडं येतो. गॉस्नर यांचं बेडकांचं कोष्टक १९६०चं, आठ पानांचं, आणि बेंबटावरचा क्वचितच एखादा पेपर त्याच्याशिवाय निघतो. झेब्राफिशसाठी किमेल आणि सहकाऱ्यांचं १९९५चं काम तसंच. फळमाशीत हव्या त्या पेशीत हवा तो जीन चालू करायची गॅल-फोर पद्धत ब्रँड आणि पेरिमन यांनी १९९३ला ‘डेव्हलपमेंट’मध्ये दिली, तीही हत्यारच. या विषयात सायटेशन्सचा ढीग अवजारांवर पडतो. म्हणून कुणाच्या यादीतला सगळ्यात जास्त सायटेशन्सचा पेपर कोष्टकाचा किंवा पद्धतीचा असेल तर ‘हे काय, नुसती वर्णनं’ असं म्हणू नये. सह्याद्रीतल्या एखाद्या बेडकाचं टप्प्यांचं कोष्टक नीट करून ठेवणाऱ्यानं पुढच्या तीस वर्षांची सोय करून ठेवलेली असते.

गंमत अशी, की काम फारच अंगवळणी पडलं की सायटेशन्स थांबतात. कोंबडीवरचे कित्येक पेपर नुसतं ‘एचएच १०’ (हॅम्बर्गर-हॅमिल्टन टप्पा १०) लिहून पुढं जातात, संदर्भ देतच नाहीत. जे देतात तेही विभागलेले, कारण हाच पेपर १९९२ला ‘डेव्हलपमेंटल डायनॅमिक्स’नं पुन्हा छापला, काहीजण १९५१ लिहितात, काहीजण १९९२. श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांचा ऑर्गनायझरचा (भोवतालच्या पेशींना घडण देणाऱ्या भ्रूणातल्या भागाचा) १९२४चा पेपर जर्मनमध्ये आहे. ऑर्गनायझर हा शब्द रोज वापरणारे संदर्भ देतात तो पाठ्यपुस्तकाचा. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराला नावच दिलंय: समाविष्ट झाल्यामुळं पुसलं जाणं.

उशिराचीही उदाहरणं हवी तेवढी. ट्युरिंग यांचा अंगावरच्या नक्षीचं गणित मांडणारा १९५२चा पेपर बरीच वर्षं जवळजवळ पडूनच होता. गर्डन यांनी बेंबटाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून बेंबटं वाढवली, ते छापलं १९६२ला, ‘जर्नल ऑफ एम्ब्रियॉलॉजी अँड एक्सपेरिमेंटल मॉर्फॉलॉजी’त, पुढं १९८७पासून हेच नियतकालिक ‘डेव्हलपमेंट’ झालं. नोबेल २०१२ला. आपल्याकडं दिल्लीत गुहा आणि माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून भ्रूण काढले १९६४ला, ‘नेचर’मध्ये पानभराची नोंद. त्यावर पुढं हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) रोपांची अख्खी पैदास-शाखा उभी राहिली.

युजीसीच्या २०१८च्या नियमावलीतलं गुणांचं गणित थोडक्यात. विज्ञानातल्या पेपरला मूळ ८ गुण, त्यावर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणं भर: फॅक्टर नसलेल्या रेफरीड (तज्ज्ञांकडून पेपर तपासून घेणाऱ्या) नियतकालिकाला ५, एकाच्या आत १०, एक ते दोन १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५, दहाच्या वर ३०. दोघांचा पेपर असेल तर प्रत्येकी ७० टक्के. दोनांहून जास्त असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा करस्पॉन्डिंग (पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या) लेखकाला ७० टक्के, बाकी प्रत्येकाला ३०. डेव्हलपमेंटल बायोलॉजीत शेवटचं नाव प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं असतं, आणि तोच बहुधा करस्पॉन्डिंग असतो. करस्पॉन्डिंग लेखकाच्या नावावरचा तारा (*) छापताना राहिला तर ७०चे ३० होतात. प्रूफ तपासताना चित्रांआधी तो तारा बघा.

इम्पॅक्ट फॅक्टर लिहाल तो क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधलाच. वेबसाईटच्या कपाळावर ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.८’ चमकतंय, चार दिवसांत स्वीकृती, पैसे यूपीआयनं, अशा ठिकाणी आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) घेऊन यादीत शोधा. नसेल तर तो आकडा घरी बनवलेला आहे. कधीकधी आयएसएसएन खरा निघतो आणि वेबसाईट नकली, म्हणजे खऱ्या नियतकालिकाचं नाव उचललेलं. मग प्रकाशकाच्या मूळ पानावरून आत जाऊन तोच पत्ता येतो का बघायचं.

विषयाप्रमाणं तोललेला आकडा हवा असेल तर फुकटात अमेरिकेच्या एनआयएचचं आय-साइट आहे. पबमेड या जीवशास्त्र-वैद्यकाच्या पेपरांच्या सूचीतले क्रमांक एका खाली एक चिकटवायचे, ते प्रत्येक पेपरचा आरसीआर देतं: त्याच पेपरबरोबर ज्यांचा उल्लेख येतो त्या शेजाऱ्यांच्या मानानं याला वर्षाला किती सायटेशन्स. एक म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांच्या मध्यावर. अडचण एकच, पबमेडमध्ये नसलेला पेपर तिथं नाही, आणि बेडूक-सापांची बरीच नियतकालिकं पबमेडमध्ये नसतात. कोंबडी आणि झेब्राफिशवाल्यांना सोयीचं, दाजीपूरवाल्यांना अर्धवट. त्यांनी दुसरा मार्ग घ्यावा: त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, त्याच गटातल्या प्राण्यावर आलेले दहा-पंधरा पेपर काढायचे, त्यांच्या सायटेशन्सचा मध्य काढायचा, आणि आपला त्याच्या वर की खाली ते लिहायचं. सरासरी नको, मध्यच. आपल्या नमुन्याची सरासरी १६ येते आणि मध्य साडेआठ. एका ६४नं किती ओढलं ते त्यातच दिसतं.

हे सगळं एका एक्सेलच्या पानावर मावतं. रकाने: डीओआय, वर्ष, नियतकालिक, प्रकार, प्राणी, लेखकांत कितवा, करस्पॉन्डिंग आहे का, स्कोपस सायटेशन्स, त्यातली स्वतःची, मोजल्याची तारीख. प्रकारात मूळ संशोधन, रिव्ह्यू, पद्धत किंवा कोष्टक, छोटी नोंद असे चारच ठेवा. रिव्ह्यूंना सायटेशन्स जास्त मिळतात, म्हणून ते वेगळे मोजायचे. शेवटी प्रत्येक डीओआय रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, यादीत एकदा टाकून बघायचा. २०२३पासून ती डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेकडं फुकट आहे. आपला पेपर मागे घेतलेला नसला तरी आपण ज्यावर उभे आहोत तो घेतलेला असू शकतो.

मग फाईलमध्ये ‘एच-इंडेक्स ८’ या एका ओळीऐवजी असं लिहिता येतं: “एकूण १४ शोधनिबंध, त्यात १० मूळ संशोधन, २ पद्धती व टप्प्यांची कोष्टकं, १ रिव्ह्यू, १ नोंद. प्रथम किंवा करस्पॉन्डिंग लेखक ९ मध्ये. सायटेशन्स २२९, स्वतःची वगळून १९४, मध्य ८.५, एच ८ (स्कोपस, ३० जून). सर्वाधिक सायटेशन्सचा निबंध बेंबटाच्या टप्प्यांचं कोष्टक असून तो इतर प्रयोगशाळांनी नमुन्यांचं वय ठरवायला वापरला आहे. नमुने पावसाळ्यातच मिळत असल्यामुळं एका निबंधाला किमान दोन हंगाम लागतात.” यातले आकडेही नमुन्याचेच, आपले घालायचे. खाली स्कोपसच्या पानाची तारखेसह प्रिंट जोडा. फाईल टेबलावर येईपर्यंत आकडा बदललेला असतो, आणि कुणीतरी मोबाईलवर ताडून बघतंच.